रेस्टिक आणि बॅकब्लेझ बी२ : बॅकअपमधली फाइल गेली हे कळते का, आणि ती परत मिळते का?

रेस्टिक हा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम, आणि बॅकब्लेझ बी२ ही तो बॅकअप इंटरनेटवर साठवणारी सेवा. निकाल आधीच सांगून टाकू. पूर्ण तपासणी करायला सांगितली तर रेस्टिक स्वतःच्या कोठारातला (बॅकअपच्या साठ्यातला) एक बिट जरी पालटला तरी तो पकडते, पण तुमच्या डिस्कवरून हिशेबाचा अख्खा फोल्डर नाहीसा झाला तर हूं की चूं करत नाही. बॅकब्लेझ बी२ची साठवण जोडीला घेतली की पहिल्या प्रकारची हानी बहुतेक वेळा भरून निघते. दुसऱ्या प्रकारची भरून निघते ती मुदतीत लक्षात आली तरच. म्हणून इथे वेग आणि सोयीपेक्षा जास्त जागा ‘फाइल गेली हे कळणार कसे’ या प्रश्नाला दिली आहे.

कोठार कसे भरते

रेस्टिक फुकट आणि मुक्त स्रोत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर कमांड लाइनवर चालते. बटणे, खिडक्या काही नाहीत. (खालच्या आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करायच्या त्या अर्थात रोमन लिपीत.) प्रत्येक फाइलचे ते मजकूर पाहून तुकडे पाडते, साधारण ५१२ केबी ते ८ एमबीचे, सरासरी १ एमबीच्या आसपास. तुकड्याचे नाव म्हणजे त्याच्या मजकुरावरून निघणारा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुराचा ठसा. तोच तुकडा पुन्हा आला तर पुन्हा चढवला जात नाही. तुकडे एईएस-२५६ने कूटबद्ध होतात आणि सुमारे १६ एमबीच्या पॅक फाइलींत बसतात. कोणता तुकडा कोणत्या पॅकमध्ये आहे ते इंडेक्सला ठाऊक, आणि कोणत्या दिवशी फोल्डरांची काय स्थिती होती ते स्नॅपशॉटला.

याचा व्यवहारातला अर्थ असा की बी२च्या संकेतस्थळावर बकेट (तिथला आपला साठवणीचा कप्पा) उघडून आपली फाइल शोधण्यात काही हशील नाही. तिथे ‘००’ पासून ‘एफएफ’ पर्यंत २५६ फोल्डर आणि त्यांत ६४ अक्षरी नावे दिसतील, बाकी काही नाही. पासवर्ड हरवला तर रेस्टिकवाले किंवा बॅकब्लेझवाले कुणीच काही करू शकत नाहीत. ‘की अॅड’ या आज्ञेने दुसरा पासवर्ड जोडून तो वेगळ्या जागी ठेवता येतो, आणि हे पहिल्याच दिवशी करावे.

बॅकब्लेझबद्दल थोडक्यात. त्यांच्या मांडणीत प्रत्येक फाइलचे मूळ भाग आणि जास्तीचे पॅरिटी भाग (ज्यांवरून हरवलेला भाग पुन्हा बांधता येतो) असे मिळून २० वेगवेगळ्या सर्व्हरांवर पसरलेले असतात, त्यामुळे त्यांच्याकडची एखादी डिस्क बंद पडल्याने तुमची फाइल जाईल ही भीती बाळगू नका. साठवणीचा दर २०२३च्या ऑक्टोबरमध्ये टीबीमागे महिना ५ डॉलरवरून ६ डॉलर झाला, आणि त्याच वेळी साठवणीच्या तिप्पट डाउनलोड फुकट झाले. ही दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण बॅकअप तपासायचा म्हणजे तो खाली उतरवावाच लागतो. केंद्रे अमेरिका, कॅनडा आणि युरोपात आहेत, भारतात नाही. पुण्या-नाशिकहून पहिला मोठा बॅकअप चढवायला वेळ लागतो, रोजचे काम मात्र अडत नाही.

जी फाइल बॅकअपमध्ये कधी गेलीच नाही

हरवलेल्या म्हणून ज्या फाइलींची शोधाशोध होते त्यांतल्या बऱ्याच मुळात बॅकअपमध्ये पोचलेल्याच नसतात, आणि रेस्टिकची सर्वांत कच्ची बाजू हीच.

विंडोजवर आउटलुक उघडे असेल तर त्याची पीएसटी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला वाचता येत नाही. रेस्टिक तिला वगळते, पडद्यावर एक ओळ टाकते आणि स्नॅपशॉट पूर्ण करते. यादीत तो स्नॅपशॉट इतरांसारखाच धडधाकट दिसतो. फरक फक्त एक्झिट कोडमध्ये, म्हणजे काम संपताना प्रोग्रॅम देतो त्या अंकात: ० म्हणजे सगळे ठीक, १ म्हणजे स्नॅपशॉट झालाच नाही, ३ म्हणजे झाला पण काही फाइली वाचता आल्या नाहीत. टास्क शेड्यूलरमधून रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा ३ कुणी पाहत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘०, नाही तर ३, दोन्ही चालेल’ असे लिहून मोकळे होतात. ३ आला की मेल गेलाच पाहिजे. उपाय म्हणून ‘--यूज-एफएस-स्नॅपशॉट’ हा पर्याय द्यावा. त्याने विंडोजची शॅडो कॉपी घेऊन तिच्यावरून वाचन होते. त्यासाठी काम प्रशासकाच्या अधिकाराने चालवावे लागते. टॅलीसारखा प्रोग्रॅम चालू असतानाही हाच पर्याय बरा. फाइल वाचता आली म्हणून ती नीट लिहून झालेली होती असे नाही, आणि प्रोग्रॅम बंद करून घेतलेल्या बॅकअपची सर तर शॅडो कॉपीलाही नाही.

लिनक्स आणि मॅकवरचा सापळा वेगळा आहे आणि जास्त घातक आहे, कारण तिथे एक्झिट कोडही ० येतो. बाहेरची डिस्क जोडलेली नसताना तिचा माउंटचा फोल्डर (ती जोडल्यावर जिथे उघडते ती जागा) तसाच राहिला तर तो रिकामा असतो. रेस्टिक तो रिकामा फोल्डर इमानाने साठवते आणि यशस्वी म्हणून सांगते. ‘--वन-फाइल-सिस्टिम’ हा पर्याय दिला असेल तर डिस्क जोडलेली असूनही तिच्यात शिरत नाही. यावर साधा इलाज आहे: बाहेरच्या डिस्कवर एक खुणेची फाइल ठेवावी आणि ती दिसली तरच बॅकअप सुरू करावा असे स्क्रिप्टमध्ये लिहावे.

वगळण्याच्या यादीचेही असेच. तिच्यात नुसते ‘टेम्प’ लिहिले तर कोणत्याही खोलीवरचा त्या नावाचा फोल्डर किंवा फाइल वगळली जाते, मग ती कामाची असो वा नसो. पूर्ण मार्ग लिहावा.

गळती पकडायची असेल तर रेस्टिकमधली सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित आज्ञा म्हणजे ‘डिफ’. कालचा आणि आजचा असे दोन स्नॅपशॉट तिला दिले की प्रत्येक बदललेल्या फाइलपुढे खूण येते: नवीन असेल तर अधिक, गेलेली असेल तर उणे, मजकूर बदलला असेल तर ‘एम’. शेवटी किती आल्या, किती गेल्या याची बेरीज असते. बॅकअपनंतर लगेच ‘डिफ’ चालवून फक्त उणे खुणेच्या ओळी मेलने मागवाव्यात, आणि त्या ठरावीक संख्येपेक्षा जास्त झाल्या तर विषयात ठळक इशारा टाकावा. फाइलचे नाव बदलले किंवा ती हलवली तर एक उणे आणि एक अधिक अशी जोडी दिसते, म्हणून प्रत्येक उणे म्हणजे नुकसान नव्हे. पण दोनशे उणे आणि एकही अधिक नाही, हे दृश्य पाहून झोप उडायलाच हवी. नव्या आवृत्त्यांत ‘डिफ’ आणखी एक खूण देते, प्रश्नचिन्ह: फाइलची तारीख, आकार सगळे तेच आणि मजकूर मात्र वेगळा. तुमच्या स्वतःच्या डिस्कवर फाइल आपोआप सडत असल्याचे ते लक्षण आहे आणि ते दाखवणारी साधने फार थोडी आहेत. पण तारीख, आकार तेच असलेली फाइल रेस्टिक एरवी पुन्हा वाचत नाही, म्हणून ही खूण मिळायला नंतरचा बॅकअप ‘--फोर्स’ने घेतलेला हवा. हे सगळे रेस्टिकने स्वतःहून सांगायला हवे होते. ते सांगत नाही, यासाठी गुण कापावेच लागतात.

होती, आता नाही: शोध आणि परतावा

इथे मात्र रेस्टिक सुरेख चालते. ‘फाइंड’ला नावाचा नमुना द्या, ज्या ज्या स्नॅपशॉटमध्ये ती फाइल आहे त्यांची यादी मिळते. ‘--लाँग’ जोडले की आकार आणि तारीखही दिसते. सर्वांत अलीकडचा स्नॅपशॉट पाहण्यावर थांबू नका, आकाराचा स्तंभ खालून वर पाहा. २ एमबीची एक्सेल फाइल एका दिवशी एकदम ० किंवा काही केबी झाली असेल तर तुम्हाला हवी ती प्रत त्याच्या आदल्या दिवशीची.

मराठी नावांच्या फाइलींबाबत एक अडचण आहे. ‘सातबाऱ्याचा उतारा’ किंवा ‘दुसऱ्या हप्त्याची पावती’ यांतला ऱ संगणकात तीन प्रकारे लिहिलेला असू शकतो: एकच स्वतंत्र वर्ण म्हणून, र आणि खाली नुक्ता असे दोन वर्ण म्हणून, किंवा र, हलंत आणि न दिसणारा जोडवर्ण म्हणून. कोणता येईल ते कीबोर्डवर अवलंबून. शिवाय जुन्या मॅकची एचएफएस-प्लस ही फाइल सिस्टिम पहिल्या प्रकाराचे स्वतःहून दुसऱ्यात रूपांतर करते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, ‘फाइंड’ला ते वेगळे वाटतात आणि फाइल असूनही उत्तर कोरे येते. म्हणून अशा नावात ऱ टाळून तारांकनाने शोधावे: ‘*सातबा*’, ‘*हप्त्याची*’. कोऱ्या उत्तरावरून फाइल गेली असा निष्कर्ष काढण्याआधी एवढे करून पाहाच.

फाइल सापडली की परत आणायचे तीन मार्ग आहेत. एकच फाइल हवी असेल तर ‘डंप’ने ती थेट बाहेर काढावी. फोल्डर हवा असेल तर ‘रिस्टोअर’ला स्नॅपशॉटचा क्रमांक, अपूर्णविरामानंतर आतला मार्ग आणि ‘--टार्गेट’मध्ये वेगळा रिकामा फोल्डर द्यावा. चाळत चाळत शोधायचे असेल तर ‘माउंट’ने सगळे स्नॅपशॉट फोल्डरांसारखे उघडता येतात, पण ही सोय विंडोजवर नाही, आणि कमांड लाइनला बिचकणारी बरीचशी मंडळी तर विंडोजवरच असतात. ‘रिस्टोअर’सोबत ‘--व्हेरिफाय’ लावल्यास लिहिलेली फाइल पुन्हा वाचून ताडून पाहिली जाते. मूळ जागेवर थेट परतावा करू नका. आज तिथे असलेली नवी फाइल जुन्याखाली जाईल. करायचाच असेल तर ‘--ओव्हरराइट नेव्हर’ लावावे.

आणखी एक खाचखळगा: क्रमांकाऐवजी ‘लेटेस्ट’ लिहिले तर कोठारातला सर्वांत नवा स्नॅपशॉट घेतला जातो, तो कोणत्याही संगणकाचा असला तरी. एका बकेटमध्ये ऑफिसचे चार संगणक असतील तर ‘--होस्ट’ आणि ‘--पाथ’ दिल्याशिवाय ‘लेटेस्ट’ वापरू नये.

जुने स्नॅपशॉट किती ठेवायचे हे ‘फर्गेट’ ठरवते. ७ रोजचे आणि ४ आठवड्यांचे अशी काटकसरीची मांडणी बऱ्याच ठिकाणी दिसते. तिच्यात महिन्याभराहून जुने काही उरत नाही. आयकराचे कागद वर्षातून एकदा उघडले जातात. ते मे महिन्यात पुसले गेले आणि पुढच्या मार्चमध्ये लक्षात आले तर हाती काही लागणार नाही. ‘--कीप-मंथली २४’ आणि ‘--कीप-इयरली १०’ जोडल्याने बिल फारसे वाढत नाही, कारण न बदललेले तुकडे एकदाच साठवलेले असतात.

कोठारच बिघडले तर

नुसती ‘चेक’ आज्ञा इंडेक्समधल्या सगळ्या पॅक फाइली बकेटमध्ये आहेत का, त्यांचे आकार जुळतात का आणि स्नॅपशॉटांची फोल्डररचना धड आहे का एवढे पाहते. पॅकच्या आतला तुमचा डेटा वाचत नाही. त्यासाठी ‘--रीड-डेटा’ लागते आणि मग सगळे कोठार उतरवले जाते. १ टीबी १०० एमबीपीएसच्या जोडणीवर पूर्ण वेगाने उतरवायला सुमारे २२ तास. व्यवहार्य मार्ग म्हणजे ‘--रीड-डेटा-सबसेट’ला जानेवारीत १/१२, फेब्रुवारीत २/१२ असे देत जाणे. दर महिन्याला दोन तासांच्या आत काम होते आणि वर्षात प्रत्येक पॅक एकदा तपासला जातो. टक्क्यांतही देता येते, पण त्यात पॅक यदृच्छेने निवडले जातात. काही पुन:पुन्हा तपासले जातील, काही राहूनच जातील.

‘चेक’चा प्रत्येक संदेश घाबरण्यासारखा नसतो. एखादा पॅक कोणत्याच इंडेक्समध्ये नाही असे म्हटले तर ते बहुधा मध्येच तुटलेल्या बॅकअपचे उरलेसुरले असते. इंडेक्समध्ये असलेला पॅक सापडत नाही, किंवा हॅश जुळत नाही, असे आले तर ते खरे नुकसान.

तेव्हा क्रम पाळावा. आधी शक्य असेल तर कोठाराची प्रत काढावी, आणि ‘प्रून’ला (कोणत्याच स्नॅपशॉटला न लागणारा डेटा कायमचा पुसणाऱ्या आज्ञेला) हात लावू नये. मग ‘फाइंड --पॅक’ला बिघडलेल्या पॅकचा क्रमांक देऊन कोणत्या फाइली अडचणीत आहेत ते पाहावे, कित्येकदा उत्तर कुठल्या तरी ब्राउझरच्या कॅशेवर येऊन थांबते. पॅक आहे पण आतून खराब आहे, तर ‘रिपेअर पॅक्स’ त्यातले धड तुकडे वाचवते. पॅकच नाही, तर ‘रिपेअर इंडेक्स’. त्यानंतरची पायरी लोक गाळतात आणि खरी ताकद तिच्यातच आहे: सगळ्या संगणकांवरून नेहमीचा बॅकअप पुन्हा घ्यावा. मूळ फाइल डिस्कवर अजून असेल तर तिचा हरवलेला तुकडा त्याच हॅशने पुन्हा चढतो, आणि त्या तुकड्यावाचून अडलेले जुने स्नॅपशॉटही आपोआप बरे होतात. एवढे करूनही जे उरेल त्यासाठी ‘रिपेअर स्नॅपशॉट्स’, आधी ‘--ड्राय-रन’ लावून. ही आज्ञा फाइलमधला न मिळणारा भाग कापून टाकते. म्हणजे फाइल उघडेल, पण अपुरी असेल. हिशेबाच्या फाइलीबाबत अशा प्रतीवर विसंबू नये. शेवटी पुन्हा ‘चेक’.

बिघाडाचे मूळही शोधावे. बॅकब्लेझकडे बोट दाखवण्याआधी स्वतःच्या संगणकाची रॅम तपासा. हॅश न जुळण्यामागे खराब रॅम किंवा प्रोसेसर असणे हे नेहमीचे कारण आहे, आणि मेमटेस्ट८६-प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवून ते कळते. सॉफ्टवेअरचा दोषही एकदा निघाला होता: ०.१६.३ या आवृत्तीत ‘--कम्प्रेशन मॅक्स’ वापरल्यास क्वचित प्रसंगी डेटा बिघडत असे. ०.१६.४ मध्ये तो दुरुस्त झाला आणि चढवण्याआधी प्रत्येक तुकडा पुन्हा उलगडून पाहण्याची पडताळणीही तेव्हाच आली. ती आवृत्ती त्या पर्यायासह वापरली असेल तर एकदा पूर्ण ‘--रीड-डेटा’ करून घ्या.

‘फर्गेट’ आणि ‘प्रून’ झाल्यावर

चुकून नको तो स्नॅपशॉट ‘फर्गेट’ केला आणि ‘प्रून’ झाले नसेल तर डेटा जागेवरच आहे. ‘रिकव्हर’ ही आज्ञा बेवारस फोल्डर गोळा करून त्यांचा एक नवा स्नॅपशॉट बनवते. मूळ तारीख आणि संगणकाचे नाव मिळत नाही, फाइली मिळतात.

‘प्रून’ही होऊन गेले, किंवा कुणी घुसून कोठार पुसले, तर सगळी मदार बी२च्या मांडणीवर, आणि ती आधी केलेली असावी लागते. रेस्टिक बी२शी दोन वाटांनी बोलते. बी२च्या मूळ वाटेने, पूर्ण अधिकाराच्या किल्लीसह (बकेटमध्ये शिरण्यासाठी बी२ देते ती ‘की’), पुसलेली फाइल कायमची जाते. अॅमेझॉनच्या एस३ साठवणीशी जुळणाऱ्या वाटेने (रेस्टिकचे दस्तऐवज हीच वाट सुचवतात) पुसलेली फाइल नुसती लपवली जाते. मूळ वाटेनेही ‘डिलीटफाइल्स’ हा अधिकार नसलेली किल्ली दिली तर ०.१५ पासून रेस्टिक फाइली लपवूनच थांबते. अशी किल्ली संकेतस्थळावरून बनत नाही, बी२च्या कमांड लाइन साधनाने बनवावी लागते. लपवलेल्या फाइली किती दिवस ठेवायच्या ते बकेटच्या लाइफसायकल नियमात ठरते. ‘फक्त शेवटची आवृत्ती’ निवडले तर एका दिवसात त्या जातात. ‘सर्व आवृत्त्या’ निवडले तर कधीच जात नाहीत आणि ‘प्रून’ करूनही बिल का उतरत नाही असा प्रश्न पडतो. लपवल्यानंतर ३० दिवसांनी पुसा, असा स्वतःचा नियम लिहावा.

परत मिळवण्यासाठी आरक्लोन हे क्लाउडमधल्या फाइली हाताळणारे वेगळे साधन लागते. त्यातला ‘--बी२-व्हर्जन-अॅट’ हा पर्याय बकेट दिलेल्या क्षणी जशी होती तशी दाखवतो. दुर्घटनेच्या आधीची वेळ देऊन सगळे कोठार दुसऱ्या डिस्कवर किंवा नव्या बकेटमध्ये उतरवावे. फक्त ‘डेटा’ नव्हे, तर ‘इंडेक्स’, ‘स्नॅपशॉट्स’, ‘कीज’ आणि ‘कॉन्फिग’सुद्धा, कारण त्यांचा मेळ एकाच क्षणाचा हवा. मग त्या प्रतीवर ‘चेक’ आणि परतावा. तोवर मूळ बकेटमध्ये आरक्लोनची ‘क्लीनअप’ आज्ञा चालवू नका. ती नेमक्या याच जुन्या आवृत्त्या पुसते.

कुणी घ्यावे? ज्या ऑफिसात स्क्रिप्ट लिहिणारा आणि आलेला मेल वाचणारा माणूस आहे, त्याला या किमतीत याहून चांगली जोडी मिळणे अवघड. असा माणूस नसेल तर घेऊ नये. रेस्टिक बसवून विसरून जाण्यापेक्षा खिडक्या-बटणे असलेला कोपिया हा बॅकअपचा प्रोग्रॅम बरा, आणि फक्त गूगल ड्राइव्ह किंवा वैयक्तिक खात्याच्या वनड्राइव्हवर विसंबलेल्यांनी तिथली ३० दिवसांची कचरापेटी हीच आपली एकूण मुदत आहे हे धरून चालावे. रेस्टिक घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यात तीन कामे करावीत: लाइफसायकलचा नियम, उणे ओळींचा मेल, आणि दुसऱ्या संगणकावर फक्त कागदावरच्या पासवर्डने एका फोल्डरचा परतावा. तिसऱ्या कामात बी२ची किल्ली कुठे लिहून ठेवली आहे हेही कळते, कारण पासवर्ड असूनही बकेटपर्यंत पोचायला ती लागतेच.